प्रवाळांचं सर्वेक्षण कसं शिकायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

गवंड्याची लेक

नमस्कार मंडळी. आपल्या भागातल्या मुलांना समुद्री जीवशास्त्राकडे वळायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न मला शाळेत दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून हा धागा. मी मूळची येळ्ळूरची, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. दोन हंगाम मालवणला जाऊन प्रवाळांच्या सर्वेक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. समुद्र आपल्या गावात नसला तरी या कामाचा निम्मा अभ्यास कोरड्या जमिनीवर होतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तेच सविस्तर लिहिते.

पाण्याखाली जाऊन रंगीत मासे बघून येणारे पुष्कळ आहेत. सर्वेक्षण करणाऱ्याला मात्र सांगावं लागतं की या तळावर जिवंत प्रवाळ शेकडा किती, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी तो वाढला की घटला. मी शिकले ती रीफ चेक या संस्थेची पद्धत. ती १९९७ पासून जगभर वापरात आहे आणि शास्त्रज्ञ नसलेल्यांनाही जमावी अशीच बेतलेली आहे. १०० मीटरची फीत तळाला समांतर, एकाच खोलीवर अंथरायची. तिचे २० मीटरचे चार तुकडे, आणि दोन तुकड्यांमध्ये ५ मीटर जागा सोडलेली. प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरला फितीच्या खाली काय आहे ते लिहायचं. एका तुकड्याचे ४० बिंदू, चारांचे १६०. त्यातले ४० बिंदू कठीण प्रवाळाचे निघाले तर आच्छादन २५ टक्के. गणित सातवीतल्या मुलाला येईल.

अवघड आहे ते बिंदू ठरवणं. पाण्यात फीत ताठ राहत नाही, लाटेबरोबर डुलते, दोन खडकांच्या मध्ये हातभर वर लोंबकळते. मग साडेसात मीटरच्या खुणेखाली नेमकं काय धरायचं, समोरचा प्रवाळ की त्याच्या शेजारची वाळू? आमच्या प्रशिक्षकांनी खिशातून दोरीला बांधलेलं एक छोटंसं धातूचं वजन काढलं, खुणेवर धरलं आणि खाली सोडलं. ते जिथे टेकलं ते लिहायचं. मी पाण्यात तशीच थांबले. माझे बाबा चाळीस वर्षं गवंडी. त्यांच्या पिशवीतला पितळी ओळंबा मी लहानपणापासून हाताळलाय. भिंत बांधताना डोळ्यावर विश्वास ठेवू नये म्हणून ओळंबा, आणि इथेही त्याच कारणासाठी.

घरी परतल्यावर बहीण, शाळेतले एक सर आणि मी अशा तिघांनी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फीत अंथरली. गवत, वाळका पाला, उघडी माती, दगड, झाडाचं मूळ असे पाच प्रकार ठरवले. एकच फीत, एकच सकाळ. माझे उघड्या मातीचे बिंदू ३१ आले, बहिणीचे ४४. अर्धा तास आम्ही वाद घातला. शेवटी लक्षात आलं की पाला विरळ असला की ती माती लिहीत होती आणि मी पाला. वजन जिथे टेकेल तेच लिहायचं, असं ठरवून पुन्हा मोजलं तेव्हा फरक तीन बिंदूंवर आला. प्रवाळ खरोखर कमी झाला की मोजणारा माणूस बदलला, हे ज्याला वेगळं काढता येत नाही त्याच्या आकड्यांचा उपयोग नाही, हे मला त्या मैदानावर समजलं.

पाण्यातली माझी पहिली नोंद बाद झाली, तेही सांगते. मला शरीर तरंगतं ठेवणं नीट जमत नव्हतं. लिहायला थांबले की खाली जायची, पायातल्या वल्ह्यांनी तळाचा गाळ उडायचा आणि मागून येणाऱ्या जोडीदाराला काही दिसायचं नाही. तो गाळ शेवटी प्रवाळावरच बसतो. प्रशिक्षकांनी वर आल्यावर माझ्या तक्त्यावर आडवी रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वेळ नुसतं एका जागी स्थिर राहायला लावलं. पाटी नाही, फीत नाही. तो दिवस मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

आणखी एक. त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी पैसे भरून तीन दिवसांचं ‘सागरी सर्वेक्षण प्रशिक्षण’ केलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवली, एकदा पाण्यात नेऊन फोटो काढला, प्रमाणपत्र दिलं. फीत हातात आलीच नाही. पैसे भरण्यापूर्वी एवढंच विचारा: प्रत्येकाला स्वतः किती वेळा मोजायला मिळणार, आणि त्याची नोंद कोण तपासणार?

मलप्रभाकाठ

ताई, फार चांगलं लिहिलंत. माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. नदीत पोहते, पण समुद्र म्हटलं की तिच्या आईच्या पोटात गोळा येतो. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून बुडी मारणं, न करता यातलं काही शिकता येतं का? आणि दम्याचा थोडा त्रास आहे, चालेल का?

गवंड्याची लेक

काका, दम्याचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. स्कूबाच्या आधी आजारांची प्रश्नावली भरून घेतात, तिथे काही लपवायचं नाही. बंद फुप्फुसात हवा अडकून वर येणं हा या खेळातला मोठा धोका आहे.

स्कूबाशिवायही बरंच आहे. तोंडात नळी आणि डोळ्यांवर मुखवटा लावून पृष्ठभागावरून उथळ पाण्याचं सर्वेक्षण करतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ बऱ्यापैकी उथळ पाण्यात आहे. त्याहून सोपं म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवरचं काम. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्यायची, प्लंबिंगच्या पाइपची घरी बनवता येते, आत दोऱ्यांची जाळी विणायची आणि चौकटीत काय काय दिसतं ते मोजायचं. पाणी घोट्यापर्यंत. आईलाही सोबत न्या.

पुढे स्कूबा करायचाच झाला तर पहिल्या पायरीच्या अभ्यासक्रमात साधारण २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं एवढी परीक्षा असते. वेळेची अट नसते. नदीत पोहणाऱ्या मुलीला ते जड जाणार नाही.

वेंगुर्लेकर

खडपांवर जायचं तर भरती-ओहोटीचा हिशेब आधी शिका. आमच्याकडे म्हातारी माणसं पंचांगावरून सांगतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि सव्वाबाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला, अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी. पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं ते उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचा एखाद-दुसरा दिवस. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी हटतं तेव्हा येऊन खडप बघायला मिळाली नाहीत म्हणून परत जाणारे मी बघितलेत.

हा अंदाज झाला. कामासाठी त्या ठिकाणचं छापील भरतीचं कोष्टकच वापरा. आणि ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पाणी उतरताना त्याच्या मागे मागे जायचं, चढायला लागलं की निघायचं. पाण्याकडे पाठ करून कुणी खडपात बसू नये.

निपाणीचा सराफ

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या घरात तीन पिढ्या दागिन्यांचा धंदा. मंगळासाठी लोक पोवळं मागतात. तुम्ही सगळे ज्याला प्रवाळ म्हणताय ते आणि आमचं पोवळं एकच का? एकदा एक गिऱ्हाईक किनाऱ्यावर मिळालेला पांढरा, भोकाभोकाचा तुकडा घेऊन आलं, यात पोवळं आहे का म्हणून.

कारवारची माई

मी कारवारला कर्नाटक विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र विभागात शिकले, कोडीबागला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

दागिन्यातलं तांबडं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. त्या प्राण्याला आठ स्पर्शिका असतात, तो अंधाऱ्या, खोल कपारींत अगदी सावकाश वाढतो आणि प्रवाळभित्ती बांधत नाही. भित्ती बांधणारे ते कठीण प्रवाळ. त्यांच्या स्पर्शिका सहाच्या पटीत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. म्हणून हे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यात. गिऱ्हाइकाने आणलेला तुकडा अशा कठीण प्रवाळाचा चुनखडी सांगाडा असणार.

सराफ म्हणून तुम्हाला हे माहीत असायलाच हवं: कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे. वाघाला आहे तेच. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही, विकायचा तर नाहीच. प्रशिक्षणातही नमुना म्हणून काही उचलत नाहीत, फोटो काढतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तिथे अभ्यासासाठी वनखात्याची परवानगी लागते. ती आयोजकांनी काढली आहे का, हे विचारायला लाजू नका.

शिकण्याबद्दल थोडं. बेळगावच्या मुलांनी कारवारचा विचार जरूर करावा. राज्य तेच असल्यामुळे कागदपत्रांची धावपळ कमी होते, आणि कारवारात मराठी-कोकणी बोलणारे घरोघर आहेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं केंद्रही तिथेच आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात, म्हणजे आपल्याला घाट उतरला की जवळच. प्रवाळ प्रत्यक्ष बघायला कर्नाटकात मुरुडेश्वरच्या समोरचं नेत्राणी बेट आहे.

भारतातल्या मोठ्या भित्ती मात्र कच्छचं आखात, लक्षद्वीप, मन्नारचं आखात नि पाल्कचा उपसागर, आणि अंदमान-निकोबार इथे. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ विखुरलेले, गढूळ पाण्यात तग धरणारे. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी सोसून ते जगतात. मला त्यांचं कौतुक लक्षद्वीपच्या प्रवाळांपेक्षा जास्त वाटतं. नवशिक्याने इथेच शिकावं. दोन-तीन मीटरवरचं धूसर दिसत असताना ज्याला मोजता आलं, त्याला स्वच्छ पाण्यात काहीच जड नाही.

घाटमाथा

थांबा, एक महत्त्वाची गोष्ट कुणीच लिहिलेली नाही, आणि आपल्या बेळगाववाल्यांनाच ती सगळ्यात जास्त लागू आहे.

खोल पाण्यात दाबाखाली हवा घेतली की नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही उंचीवर गेलात, हवेचा दाब कमी झाला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे अंगातच धरतात. म्हणून स्कूबानंतर लगेच विमानात बसू नका म्हणतात. एकदाच बुडी मारली असेल तर निदान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास. हा नियम साधारण ६०० मीटर उंचीपासून पुढे धरतात. आता बघा की, बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे. आंबोली, चोर्ला, कुठूनही या, घाट चढावाच लागतो. आपल्यासाठी घरी जाणं म्हणजेच उंचीवर जाणं.

मला हे माहीत नव्हतं. दोन बुड्या मारून संध्याकाळी सगळे एकाच गाडीत निघालो, आयोजकांनीच वेळ ठरवलेली. आंबोली ओलांडून कानूरपर्यंत आलो तोवर उजव्या खांद्यात कळ सुरू झाली. सिलिंडर उचलल्यामुळे असेल म्हणून झेंडू बाम चोळलं. शिनोळीला बोटांना मुंग्या. घरी येऊन झोपलो, सकाळी खांदा वर होईना. डॉक्टरांनी सगळं ऐकून आधी ऑक्सिजन लावला आणि मग माझी खरडपट्टी काढली. मी बरा झालो, पण उशीर झाला असता तर हे बुडबुडे पुन्हा विरवणाऱ्या दाबकक्षाची सोय कुठे आणि मी कुठे.

मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी लिहून घ्या: शेवटच्या बुडीनंतर रात्र किनाऱ्यावरच काढायची. निघणं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. एका मुक्कामाचा खर्च वाढतो, वाढू दे. नुसतं नळी लावून पृष्ठभागावर पोहलं असेल तर ही अडचण नाही.

गवंड्याची लेक

घाटमाथा, तुमचे फार आभार. हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आमच्या प्रशिक्षकांनी शेवटचा दिवस मुद्दाम पाण्याबाहेर ठेवला होता, नोंदी तपासायला. तेव्हा मला वाटलं होतं दिवस वाया चाललाय.

हिडकलकर

मी मत्स्य विभागात होतो, आता निवृत्त. माशांच्या मोजणीबद्दल कुणी लिहील का? आम्ही धरणातल्या मासळीचं माप हातात घेऊन काढायचो. पाण्याखाली मासा पळत असताना लांबी कशी सांगतात?

कारवारची माई

सर, अंदाजाने, पण घासून घेतलेल्या अंदाजाने. मुखवट्याच्या काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते. नवा माणूस ३० सेंटिमीटरचा मासा बेधडक ४० चा लिहितो. म्हणून ठरलेल्या लांबीच्या पाइपचे तुकडे पाण्यात टांगतात, आपण अंदाज लिहायचा, वर येऊन खरी लांबी ताडून बघायची. चूक कमी होईपर्यंत हेच. मासे मोजताना त्याच फितीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, म्हणजे पाच मीटर रुंदीचा पट्टा धरतात. त्याबाहेरचा मासा कितीही देखणा असला तरी नोंदवायचा नाही. मासे आधी मोजतात, तळाचं नंतर, कारण माणसांची ये-जा सुरू झाली की मासे लपतात. रंगावर विसंबू नका, पाण्यात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच मावळतो. अंगाचा आकार, शेपटी आणि चालण्याची ढब बघा.

मलप्रभाकाठ

मुलीने विचारलंय: पांढरा पडलेला प्रवाळ म्हणजे मेलेला ना? आणि ते तक्ते सगळे इंग्रजीत असतात का? तिचं शिक्षण मराठीतून झालंय.

गवंड्याची लेक

पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं तर बरं. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो. रंग त्या शैवालाचा असतो, तो गेला की पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. प्राणी अजून जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर मरतो, जसे १९९८ मध्ये लक्षद्वीपला फार मोठ्या प्रमाणावर मेले. जवळून बघितलं तर जिवंत पांढऱ्या प्रवाळावर कातडीची ओलसर झाक असते. मेलेल्यावर थोड्याच दिवसांत शेवाळाची तपकिरी-हिरवी लव धरते. मी एकदा घाईत चार बिंदू चुकीचे लिहिले होते, फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं.

रंग मोजायला क्वीन्सलँड विद्यापीठाने केलेला एक तक्ता मिळतो. त्यावर फिकट ते गडद अशा सहा पायऱ्या असतात. तो प्रवाळाशेजारी धरायचा, न टेकवता, आणि सगळ्यात फिकट व सगळ्यात गडद भागाचा आकडा लिहायचा. नवशिक्यांसाठी याहून चांगली सुरुवात नाही. उन्हाळ्यात पाणी किती तापलंय याचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था देते, तेही बघत राहावं.

तक्ते इंग्रजीत असतात, होय. पण पाण्याखाली एखाद-दुसरं अक्षरच लिहायचं असतं, तिथे भाषा आड येत नाही. मी माझ्या मुलांसाठी दहा खुणा मराठीत केल्यात: कठीण प्रवाळ क, मऊ प्रवाळ म, नुकताच मेलेला न, शेवाळ शे, स्पंज स्पं, खडक ख, चुरा चु, वाळू वा, गाळ गा, इतर इ. चुरा आणि खडक यांतली सीमा १५ सेंटिमीटर, कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. अर्ध्या सेंटिमीटरच्या खालची ती वाळू. आणि ढवळल्यावर पाण्यात तरंगत राहतो तो गाळ. मुलांच्या डोक्यात हे एका तासात बसलं. इंग्रजी नावं नंतर समोर ठेवली तेव्हा कुणी अडखळलं नाही.

वेंगुर्लेकर

शेवाळ वेगळं लिहितात हे चांगलं. किनाऱ्यावरून सांडपाणी आलं की ते वाढतं, हे आमच्या डोळ्यांदेखत होतंय. नांगराचंही लिहा कुठेतरी. होडी प्रवाळावर नांगर टाकते तेव्हा एका झटक्यात किती वर्षांची वाढ जाते. मी स्वतः होडी चालवतो, आता बांधलेल्या बोयालाच दोर लावतो.

कारवारची माई

ते चुऱ्यात दिसतं. एखाद्या फितीवर चुरा अचानक वाढला तर आधी नांगर आठवायचा.

जाता जाता: मालवण-विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक म्हणून समुद्रात बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा वीसेक मीटर खोल, आणि वर चांगला प्रवाळ. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे जहाजाने मोहीम गेली होती. तिथेही तळ मोजायला फीत आणि चौकटच लागते. काकांच्या मुलीने तेवढं ध्येय ठेवायला हरकत नाही.

मलप्रभाकाठ

तिने हे वाचलं आणि पंचांग घेऊन बसलीय, पाऊणपट करत. ताई, तुमच्याकडे मैदानावर सराव पुन्हा कधी?

गवंड्याची लेक

या रविवारी सकाळी सातला, व्हॅक्सिन डेपो. ऊन चढायच्या आत दोन फिती होतील. तिला पाटी आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन पाठवा, पेन नको. तिची नोंद मी तपासीन आणि माझी ती तपासेल. हिडकलकर सर, जमलं तर तुम्हीही या, पाइपचे तुकडे कापून ठेवलेत, तुमचा अंदाज आम्हाला बघायचाय.

हिडकलकर

येतो.

मलप्रभाकाठ

खानापूरहून पहिल्या गाडीने आम्ही दोघं निघतो. ओळंबा आमच्या घरात नाही. खडे बाजारात मिळेल ना?

गवंड्याची लेक

घेऊ नका काका. बाबांचे दोन आहेत, एक तिच्यासाठी आणते.